पाहुण्याने काय ठेवून जावे?

मार्च महिन्यातील एका दुपारी लोधिवलीच्या माझ्या दवाखान्यात एक दांपत्य प्रवासासाठी तंदुरुस्तीचा दाखला मागण्यास आले. काका बहात्तर वर्षांचे, काकू अडुसष्टच्या. मुंबईतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर बारा वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या भागात बंगला बांधला आणि तेव्हापासून ते माझे रुग्ण आहेत. येत्या ऑगस्टमध्ये कॅनडातील मुलाकडे जाऊन तेथून बारा दिवसांच्या जहाज-सफरीने उत्तर ध्रुवीय प्रदेश पाहावयाचा, असा त्यांचा बेत होता. सोबत आणलेले माहितीपत्रक काकूंनी मेजावर पसरले. त्यात हिमनग होते, पांढरी अस्वले होती, 'इन्युइट संस्कृतीचे जवळून दर्शन' होते, आणि शेवटच्या पानावर 'पुनरुज्जीवी पर्यटन' या अर्थाचा एक भारदस्त इंग्रजी शब्द होता.

'डॉक्टर, पुनरुज्जीवी म्हणजे आपल्या तब्येतीला चांगले, असेच ना?' काकूंनी विचारले.

मला हसू आले, पण ते मी आवरले. प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. काही वर्षांपूर्वीपर्यंत पर्यटनात 'शाश्वत' हा शब्द रूढ होता. आपण जाऊ तेथे नासधूस करू नये, कचरा टाकू नये, एवढीच त्याची अपेक्षा. नवा शब्द एक पाऊल पुढे जातो. पाहुणा येऊन गेल्यावर ते गाव, ते रान आणि तेथील माणसे आधीपेक्षा थोडी अधिक सुस्थितीत असावीत, असे त्याचे म्हणणे. म्हणजे पुनरुज्जीवन व्हावयाचे ते यजमानाचे. पण तीस वर्षांच्या व्यवसायानंतर मला असे वाटते की, यजमानाच्या प्रकृतीची चौकशी करणाऱ्या पाहुण्याची स्वतःची प्रकृतीही प्रवासात बहुधा बरी राहते. हे कसे, ते पुढे येईलच. आधी दाखल्याचे काम.

काकांना रक्तदाब आहे आणि वयोमानानुसार प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे. थंड हवेत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो आणि त्यातच चढाचे श्रम पडले तर हृदयावरील ताण एकदम वाढतो. म्हणून हृदयाचा आलेख, आवश्यक वाटल्यास ताणचाचणी आणि गोळ्यांच्या मात्रेचा फेरविचार निघण्यापूर्वी निदान सहा आठवडे व्हावा. मोठ्या जहाजावरून किनाऱ्यावर नेण्यासाठी रबरी होड्या वापरतात. हलत्या होडीत पाय टाकताना तोल गेला तर मांडीचे हाड मोडते, आणि सुसज्ज रुग्णालय विमानाने कित्येक तासांवर असते. यासाठी हवाई रुग्णवाहिकेचा खर्च उचलणारा विमा हवा, आणि पूर्वीचे आजार त्यात लपविलेले नसावेत. सर्व औषधे मूळ वेष्टनात, हातातील पिशवीत ठेवावीत. एक गोष्ट मात्र मी काकांना दोनदा सांगितली. जहाज लागू नये म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी वृद्ध पुरुषांना लघवी तुंबण्याचा आणि कधी कधी भ्रम होण्याचा धोका असतो. सहप्रवाशाने प्रेमाने दिलेली गोळीही मला विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या भागात उन्हाळ्यात सूर्य मावळण्याचे नाव घेत नाही. झोप बिघडते आणि रात्रीची गोळी कोणती तेच कळेनासे होते. घड्याळ पाहून गोळ्या घ्याव्यात, आकाश पाहून नव्हे.

'आणि फ्ल्यूची लस,' मी म्हणालो. 'न्यूमोनियाचीही.'

'म्हणजे तिकडच्यांची सर्दी आम्हांला लागू नये म्हणून?'

'उलटही असते, काका.'

१९१८ च्या शरद ऋतूत कॅनडातील लाब्राडोरच्या किनाऱ्यावर 'हार्मनी' नावाचे मिशनचे जहाज नेहमीप्रमाणे वर्षाची रसद घेऊन आले. धान्य, कापड, चहा यांच्याबरोबर त्यातून इन्फ्लुएन्झाही उतरला. ओकाक नावाच्या इन्युइट वसाहतीतील तीन चतुर्थांशांहून अधिक माणसे काही आठवड्यांत मरण पावली. हेब्रॉन या दुसऱ्या वसाहतीची गतही फारशी निराळी नव्हती. जहाजावरील कोणाच्याही मनात वाईट नव्हते. ते दरवर्षी येत होते, आणि लोक त्यांची वाटही पाहत होते.

आजही ध्रुवप्रदेशातील कित्येक गावांची वस्ती हजार-दीड हजाराची असते आणि तेथे मोठे रुग्णालय नसते. शंभर-दोनशे पाहुणे एका दुपारी खोकत उतरले तर त्या गावाचे पुढचे दोन आठवडे कसे जातील, याचा विचार आपण करतो का? लस घेणे हा म्हणूनच पाहुणचाराचा पहिला नियम मानावा. आजार अंगावर असेल तर त्या दिवशी जहाजावरच थांबावे, पैसे भरले असले तरीही.

काकांच्या औषधांच्या डबीत माशांच्या तेलाच्या कॅप्सूल दिसल्या. मुलगा पाठवतो. या सोनेरी गोळीचे मूळ इन्युइट लोकांतच आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. १९७० मध्ये हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग हे दोन डॅनिश वैद्यक-संशोधक ग्रीनलंडच्या उमानाक भागात गेले, कुत्र्यांच्या घसरगाडीतून फिरले आणि सुमारे १३० इन्युइटांच्या रक्ताचे नमुने घेऊन परतले. सील आणि मासे खाणाऱ्या या लोकांच्या रक्तातील चरबी निराळी आहे आणि त्यांना हृदयविकार क्वचित होतो, अशी मांडणी पुढे झाली आणि ओमेगा-३ चा मोठा बाजार उभा राहिला. त्या दौऱ्यात कोणाच्या हृदयाची तपासणी मात्र झालेली नव्हती, आणि इन्युइटांत हृदयविकार इतरांइतकाच आढळतो, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. निरोगी माणसाने हृदयविकार टाळण्यासाठी या कॅप्सूल सरसकट घेतल्यास मोठ्या चाचण्यांत फारसा लाभ दिसलेला नाही, आणि मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. काकांची कॅप्सूल मी बंद केली. ज्यांना रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढल्याने ही औषधे दिली आहेत, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडू नयेत.

औषध चालते की नाही, हा प्रश्न तेवढ्यावर मिटला. मला बोचते ते निराळेच. दोन पाहुणे आले, रक्त घेऊन गेले. जगभर कारखाने उभे राहिले, आणि ज्यांच्या शिरेतून ते रक्त आले त्यांच्या गावात त्या तेलाच्या पैशांतून काय पोहोचले?

याला उत्तर देणारे एक उदाहरण आमच्याच रायगड जिल्ह्यातील आहे. १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा दवाखान्यात आलेल्यांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास माणसे दगावत. डॉक्टर रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करीत राहिले, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशावर गुणकारी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या जवळ आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेही बाहेरून आलेलेच होते. फरक इतकाच की जे ज्ञान त्यांनी शेतकरी-आदिवासींच्या देहावरून घेतले, ते त्याच देहांकडे परत गेले. त्यासाठी ते तेथे राहिले. पाहुणा म्हणून आपण तितके राहू शकत नाही, हे मान्य. परंतु दिशा तरी तीच असावी.

पर्यटनातही अशी दिशा कोठे कोठे दिसते. वर ज्या हेब्रॉनचा उल्लेख आला, ती वसाहत १९५९ मध्ये बंद करण्यात आली. निर्णय चर्चमध्ये जाहीर झाला, जेथे उलट बोलणे इन्युइटांना अशिष्ट वाटे. माणसे दक्षिणेकडील गावांत पांगवली गेली. सरकारने क्षमा मागितली ती २००५ मध्ये. त्याच वर्षीच्या भूमी-करारातून तेथील टोर्नगाट पर्वतांचे राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. त्याच्या व्यवस्थापन मंडळावर सारे इन्युइट आहेत आणि पाहुण्यांचा तळ त्यांच्याच स्वशासनाच्या कंपनीकडे आहे. अस्वलांपासून राखण करणारे बंदूकधारी वाटाडे इन्युइट असतात. उन्हाळ्यात वृद्ध माणसे त्या तळावर येऊन राहतात, आणि ज्या भूमीवरून ती लहानपणी हलवली गेली, तिच्या गोष्टी तरुणांना सांगतात. पाहुण्याला त्या ऐकावयास मिळतात, पण तो नसता तरी त्या सांगितल्या गेल्या असत्या. हा भेद माहितीपत्रकात दिसत नाही. कोठे जायचे ते ठरविण्यापूर्वी तो विचारून घ्यावा: तळ कोणाचा, वाटाड्या कोणाचा, पैसा कोणाकडे जातो?

हे सारे ऐकून काका म्हणाले, 'आम्ही या वेळी अगदी अशीच कंपनी निवडली आहे.' मग मी जरा आगाऊपणा केला. म्हणालो, 'तुमच्या बंगल्यामागच्या कातकरवाडीत बारा वर्षांत कधी गेला आहात?'

दोघे गप्प झाले. काकूंनी मात्र तत्काळ उलट विचारले, 'आणि तुम्ही, डॉक्टर? पल्स पोलिओ सोडून?'

हा प्रश्न मला लागला, कारण त्याचे एक उत्तर माझ्याजवळ फार दिवसांपासून होते. आमच्या भागातून, महामार्गावरूनही, इरशाळगडाचा सुळका दिसतो. तरुणपणी मी तो गड दोन-तीनदा चढलो. वाटेत इरशाळवाडी ही ठाकरांची वस्ती लागे. तेथील एका घराच्या ओटीवर आम्ही टेकत असू. घरातील बाई माठातले पाणी देई, कधी चहा करी. आम्ही पैसे ठेवले असतील, नसतीलही. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर त्या वाडीवर कोसळला. वर मोटारीची वाट नव्हती. यंत्रे नेता येईनात, म्हणून चिखलात, पावसात, कुदळ-फावड्यांनी शोध चालला. मदतीसाठी चढणारे अग्निशमन दलाचे एक अधिकारी वाटेतच हृदयविकाराने गेले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. त्या आठवड्यात मृतांची नावे वर्तमानपत्रात छापून येत होती आणि मी ती वाचत होतो. पाणी देणाऱ्या त्या बाईचे नाव त्यांत आहे का, हे मला कळणे शक्यच नव्हते. मी ते कधी विचारलेलेच नव्हते.

गडावर जाणाऱ्यांपैकी अनेक जण त्या रात्रीनंतर पहिल्यांदा मदतीला धावले, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांना वाट ठाऊक होती, आणि वाडीतील माणसे नावाने ठाऊक होती. शेजारच्या पनवेल तालुक्यातील प्रबळमाचीवर ठाकर कुटुंबे अनेक वर्षे चढाईसाठी येणाऱ्यांना जेवण, मुक्काम आणि वाटाड्या पुरवीत आली आहेत. तेथे रविवारची गर्दी आणि तिचा कचरा हा त्रास आहेच, पण घरात येणारा पैसा घरचाच असतो.

असो. काकू एप्रिलमध्ये वाडीत गेल्या. मी सोबत गेलो, कारण उलट प्रश्नाला दुसरे उत्तर नव्हते.

कातकऱ्यांचे नावच मुळी कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. खैराचे लाकूड उकळून कात काढीत. जंगलाचे कायदे आले आणि तो धंदा त्यांच्या हातून गेला. नाव तेवढे उरले. आज महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी समूहांपैकी हा एक. सुगी आटोपली की कर्ती माणसे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून एप्रिलमध्ये वाडीत म्हातारी माणसे आणि काही पोरे एवढेच होते. काकूंनी बिस्किटांचे पुडे नेले होते. ते मी गाडीतच ठेवायला लावले. पहिल्या भेटीत काही वाटू नये, असे माझे मत आहे. वाटले की आपण दाते होतो आणि मग संभाषण संपते.

एका आजीच्या अंगणात आम्ही बसलो. आजीचे वय तिला ठाऊक नव्हते. सत्तरीच्या पुढे असावे. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. खेकडे आणि ओढ्यातले मासे धरून विकणे हे तिचे आयुष्यभराचे काम, आणि अजूनही ती ते करीत होती. बोलता बोलता तिने सहज सांगितले की ओढ्याची जुनी पायवाट तारेच्या कुंपणाने बंद झाली, तेव्हापासून लांबून वळसा पडतो. 'कुठलं कुंपण?' काकूंनी विचारले. आजीने हाताने दाखवले. ते त्यांच्याच बंगल्याचे होते.

जमीन रीतसर घेतलेली, मोजणी झालेली, कागद स्वच्छ. तरी बारा वर्षे त्या वाटेने चालणारे पाय वळसा घालीत होते आणि कुंपणाच्या आत कोणाला त्याची कल्पना नव्हती. काकांना ही गोष्ट प्रथम रुचली नाही. चोरीची भीती, उद्या हक्क सांगतील ही भीती. या वयात भीती जरा जास्तच वाटते आणि ती अगदीच निराधार असते असेही नाही. महिनाभराने कुंपणाला एक लहान फाटक बसले. रात्री ते कुलूपबंद असते. काकांचा तेवढा आग्रह आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जूनच्या आरंभी झाली. काकूंनी गाडीने नेले-आणले, थेंब वेळेवर पडतात ना ते रोज जाऊन पाहिले. या खटाटोपात त्यांचे स्वतःचे रोजचे दीड किलोमीटर चालणे झाले. सकाळच्या फिरण्याचा सल्ला मी त्यांना सहा वर्षे देत होतो. गुडघा धरतो, एकटीला कंटाळा येतो, ही कारणे ऐकत आलो होतो. गुडघा अजून धरतो, पण जावेच लागते. साखरेची पातळीही खाली आली आहे. त्याचे श्रेय चालण्याला किती आणि आजीशी होणाऱ्या गप्पांना किती, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. एकटेपणाने वृद्धांचे आजार बळावतात, हे मात्र आम्हां डॉक्टरांना रोज दिसते.

पहिल्या पावसाबरोबर आजीने शेवळ्यांची जुडी आणून दिली, सोबत मूठभर काकडे. शेवळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. काकडाच्या आंबट फळाबरोबर नीट शिजवले की खाज जाते. ही कृती पुस्तकात नसून वाडीत आहे. त्यानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी अशी रानभाज्यांची रांगच लागते. चौक, खोपोली, कर्जतच्या बाजारात त्या विकणाऱ्या बायांशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारे पाहुणे दर पावसाळ्यात दिसतात. हेच लोक हॉटेलात त्याच भाजीचे दोनशे रुपये देतात, तेव्हा मला राग येतो, आणि तो येथे लपवीत नाही.

रानभाज्यांविषयी ज्येष्ठांसाठी थोडे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखडा असेल तर शेवळे टाळावीत आणि पालेभाज्या डॉक्टरांना विचारून खाव्यात. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू अथवा बंद करू नये. प्रमाण रोज सारखे असावे. स्वतः रानात जाऊन खुडण्याचे धाडस नको, अळंबीचे तर मुळीच नको. वाडीत जाताना घोटा झाकणारे बूट, हातात काठी, आणि पायाला जखम असल्यास साचलेल्या पाण्यात पाय न घालणे. आमच्या भागात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. साप चावल्यास कापणे, आवळून बांधणे, चोखणे यातले काहीही न करता माणसाला हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणि आपल्याला ताप-खोकला असेल तर वाडीत जाऊ नये. तेथील मुले अशक्त असतात, घरे लहान असतात. ओकाकची गोष्ट मी काकूंना याचसाठी सांगितली होती.

काका-काकूंनी ध्रुवाची सफर रद्द केलेली नाही. मी तसे सुचविलेही नव्हते. आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसांनी हिमनग अवश्य पाहावा. दाखल्यावर मी सही केली आहे, लशी झाल्या आहेत, विम्याचे कागद मी स्वतः वाचले आहेत. मधल्या काळात काकूंनी कंपनीला तीन प्रश्नांचे पत्र पाठवले: किनाऱ्यावरील वाटाडे कोण, त्यांना मोबदला कोण देतो, आणि गावाने 'आज नको' म्हटले तर जहाज थांबते का? दोघांची उत्तरे आली. तिसऱ्याचे अजून यावयाचे आहे.

गेल्या आठवड्यात मी आजीचा डोळा तपासायला गेलो होतो. काकू तेथेच होत्या. आपण कोठे जाणार, ते त्या आजीला सांगत होत्या: सगळीकडे बर्फ, एकही झाड नाही.

'झाड नाय?' आजीने विचारले. 'मग रांधतात कशावर?'

काकूंना माहीत नव्हते. मलाही त्या क्षणी नव्हते. घरी येऊन वाचले आणि दुसऱ्या दिवशी आजीला सांगितले: आता तिथे विजेच्या नाहीतर गॅसच्या शेगड्या आहेत, पण पूर्वी दगडाचा पसरट दिवा असे, त्याला कुल्लिक म्हणतात. त्यात सीलची चरबी, रानातल्या शेवाळाची वात. घरातली बाई ती वात रात्रभर सारखी करीत बसे. उजेड तोच, ऊब तीच, चूलही तीच.

आजीने बऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले आणि दुसरा, पट्टी सुटलेला डोळाही हळूच उघडला.

'चरबीचा दिवा,' ती म्हणाली. 'घरात लई वास मारत असंल.'